रोजचें लेखन



लेखन ही दैवी देणगी आहे, ती असली तर असली, नसली तर नसली, असा समज आपल्या सुशिक्षित घरांतून फार बळावलेला आहे. या समजाचें मोठें सुख असें कीं, तो बाळगणाऱ्याला स्वतः कांहींच करावें लागत नाहीं. निबंधाच्या वह्या तपासण्यांत माझें आयुष्य गेलें. तेवढ्या अधिकारानें सांगतों कीं, हुषार मुलांच्या वह्या सुधारतच असें नाहीं, रोज लिहिणाऱ्यांच्या मात्र बहुधा सुधारत.

बेंजामिन फ्रँकलिन याचेंच उदाहरण घ्या. १७०६ सालीं बोस्टन येथें जन्मलेल्या या मुलाला शाळा जेमतेम दोन वर्षें लाभली. बाराव्या वर्षीं तो थोरल्या भावाच्या छापखान्यांत उमेदवार म्हणून राहिला. मित्राशीं चाललेल्या वादाचीं त्याचीं पत्रें एकदां वडिलांच्या हातीं पडलीं. वादाचा निकाल न देतां वडिलांनीं एवढेंच दाखवून दिलें कीं, शुद्धलेखनांत व विरामचिन्हांत मुलगा सरस आहे, पण मांडणींत व भाषेच्या सौष्ठवांत मित्र पुढें आहे. याच सुमारास त्याला 'स्पेक्टेटर' या नियतकालिकाचा एक सुटा खंड मिळाला. त्यांतील निबंधाच्या प्रत्येक वाक्याचा आशय तो थोडक्यांत टिपून ठेवी व कांहीं दिवस जाऊं देई. मग पुस्तक मिटून त्या टिपणांवरून तोच निबंध आपल्या शब्दांत लिही आणि मुळाशीं ताडून पाही. शब्दांचा सांठा तोकडा आहे हें ध्यानांत येतांच त्यानें कांहीं गोष्टी पद्यांत उतरविल्या. कारण वृत्तांत बसविण्यासाठीं एकाच अर्थाचे लहानमोठे शब्द शोधावे लागतात. मूळ गद्य विसरलें कीं पद्याचें पुन्हां गद्य करी. कधीं टिपणें मुद्दाम विसकटून टाकी आणि कांहीं आठवड्यांनीं त्यांचा क्रम लावी. हें सारें रात्रीं कामानंतर, सकाळीं कामापूर्वीं किंवा रविवारीं. १७२२ सालीं, सोळा वर्षांचा असतां, त्यानें एका विधवेच्या टोपणनांवानें पत्रें लिहिलीं. पहिलें पत्र रात्रीं छापखान्याच्या दाराखालून सरकवलें होतें. खरा लेखक कोण हें ठाऊक नसतां भावानें आपल्या वृत्तपत्रांत तीं चौदा पत्रें छापलीं!

आतां कोणी म्हणेल, नोकरीपेशाच्या माणसाला एवढी सवड कोठली? अँथनी ट्रॉलप हा इंग्रज कादंबरीकार अनेक वर्षें पोस्टखात्यांत नोकरीस होता. पहांटे साडेपांचला तो टेबलाशीं बसे. उठवायला येणाऱ्या म्हाताऱ्या मोतद्दाराला त्यासाठीं वर्षाला पांच पौंड अधिक देई. घड्याळ समोर ठेवून दर पंधरा मिनिटांस अडीचशें शब्द, हा त्याचा दंडक. मृत्यूनंतर १८८३ सालीं प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रांत त्यानें हें उघड सांगितलें आहे. वाचकांच्या ध्यानांत अडीचशें शब्द तेवढे राहतात. त्याचा पहिला अर्धा तास मात्र आदल्या दिवसाचें लेखन, तें कानाला कसें लागतें हें पाहत, वाचण्यांत जाई. माझ्या मतें खरी किल्ली येथें आहे. नुसतें रोज गिरवीत गेल्यानें दोषही पक्के होतात.

आपल्याकडे गोपाळ हरि देशमुख यांनीं सरकारी नोकरी सांभाळून १८४८ पासून 'प्रभाकर' साप्ताहिकांत 'लोकहितवादी' या नांवानें १०८ पत्रें लिहिलीं. साप्ताहिकाचा ठरलेला वार हा मोठा कडक पंतोजी असतो.

पूर्वीं घरोघर पत्रें लिहिलीं जात, त्यामुळें नकळत हात वळता राही. तें आतां मागें पडलें. सांत्वनाच्या चार ओळी लिहावयाच्या तरी पदवीधर माणूस अडखळतो, आणि मनांतलें दुःख ठराविक छापील शब्दांत उरकतो. अशा श्रोत्यांनीं आगरकरांच्या एखाद्या निबंधाचें एकच पान घेऊन फ्रँकलिनचा प्रयोग महिनाभर करून पाहावा. वही नेहमींचीच चालेल. उजव्या पानावर लिहावें, डावें दुसऱ्या दिवशींच्या दुरुस्तीसाठीं कोरें ठेवावें.