आजोबांच्या नोंदीपलीकडचे गाव

जात पडताळणीचा अर्ज भरायचा म्हटले की घरात वंशावळीचा शोध सुरू होतो. अनुसूचित जमातीला 6 सप्टेंबर 1950 पूर्वीचा पुरावा लागतो, विमुक्त-भटक्यांना 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीचा, इतर मागासवर्गीयांना 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा. 2023 मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि तहसीलमधली जुनी दप्तरे पुन्हा झटकली गेली. यवतमाळ जिल्ह्यात घराण्याचा इतिहास आज लिहिला जातो तो असा, प्रतिज्ञापत्रावर.

इंग्लंडच्या खेड्यात 1538 पासून चर्चने बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांच्या नोंदी ठेवल्या. आपल्याकडे कागद जन्मला तो मुख्यतः शेतसाऱ्यासाठी. 1853 मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला आणि पुढच्या दशकात मोजणी सुरू झाली. त्याआधीचे मोडी आणि फारसी कागद देशमुख-देशपांड्यांच्या वाड्यांत. मुलूखही सरकत राहिला. 1905 पर्यंत हा ‘वणी’ जिल्हा होता आणि पुसद वाशीम जिल्ह्यात होते. पुढे 1956 पर्यंत आपण मध्य प्रदेशात होतो. म्हणून 1954-55 ची अधिकार अभिलेख पंजी हा विदर्भातल्या शोधाचा ठरलेला टप्पा.

सगळ्यांत जिवंत कागद म्हणजे कोतवाल बुक. तारीख, बापाचे नाव, जात, मुलगा की मुलगी, एवढाच मजकूर. बाळाचे नाव बहुधा नसते, कारण नोंद बारशाआधीची. चार भावांपैकी हा कोणता, हे ठरवायला शाळेचे दाखल-खारिज रजिस्टर काढावे, तर तिथे गुरुजींनी निम्म्या वर्गाचा जन्म 1 जूनला लावलेला! फेरफार पंजी जास्त बोलकी. खातेदार वारला की विधवा, मुलगे, मुली यांची नावे ओळीने येतात. पण कित्येक लेकींचे नाव जमिनीच्या कागदावर प्रथम येते ते वारसात आणि लगेच दिसते हक्कसोडपत्रात. नाव लागले आणि त्याच हाताने कमीही झाले.

ज्यांना जमीनच नव्हती त्यांचे काय? गोंडांच्या वंशकथा प्रधानांनी किंगरीवर गाऊन जपल्या. बंजारा तांड्यांत कुळी-गोत्रे भाटांच्या तोंडी राहिली. राठोड, पवार, चव्हाण, जाधव ही आडनावे सातबाऱ्यावर आली तरी तांडा कुठून आला हे त्यात सापडत नाही. कोलामांच्या पोडांचा ठावठिकाणा म्हाताऱ्यांनाच विचारावा लागतो. महसुली नकाशावर ‘रिठ’ म्हणून कोरलेली उजाड गावे तर या जिल्ह्यात ठायीठायी आहेत. त्या गावांतली माणसे कोणत्या साथीत, कोणत्या दुष्काळात उठली, ही हकिकत शेजारच्या गावातच मिळायची. बेंबळा प्रकल्पाने हलवलेल्या गावांची आठवण सांगणारे अजून आहेत, तेवढे तरी विचारून घ्यावे.

हे काम इथे नवे नाही. या. मा. काळे यांनी 1924 मध्ये ‘वऱ्हाडचा इतिहास’ लिहिला. वकिली करणाऱ्या य. खु. देशपांडे यांनी यवतमाळात शारदाश्रम उभारून महानुभावांच्या पोथ्या जमवल्या. त्यांना ना अनुदानाची घाई होती, ना प्रमाणपत्राची. आपला शोध मात्र आजोबांच्या नोंदीवर शिक्का बसला की थांबतो. पणजी कोणत्या गावची, हे विचारायचे राहून जाते.

तेव्हा यंदाच्या सुट्टीत एवढे करा. पडताळणीसाठी काढलेल्या नकलांचा एक संच वेगळा ठेवा. घरातल्या वडीलधाऱ्या बाईला तिच्या माहेरची तीन पिढ्यांची नावे विचारून लिहून घ्या. गावची रिठे, विहिरी, देवस्थाने आणि उठून गेलेली घरे यांची एक वही करा. तिची एक प्रत ग्रामपंचायतीत द्या आणि एक शाळेत. प्रमाणपत्र एका माणसाच्या कामी येते, ही वही गावाच्या कामी येईल.