बी.एड., डी.एल.एड.ला प्रवेश घेण्यापूर्वी मान्यतेचा आदेश पाहा

लोंढा-खानापूर भागातील अनेक मुले-मुली बारावीनंतर डी.एल.एड. किंवा पदवीनंतर बी.एड. करतात. कोणी बेळगावला जाते, कोणी कोल्हापूरकडे, कोणी गोव्यात. पालक फी आणि वसतिगृहाची चौकशी करतात. मान्यतेबद्दल सहसा कोणी विचारत नाही. म्हणून सभासदांसाठी ही माहिती देत आहोत.

आमच्या ओळखीतल्या एका मुलीने बी.एड.ला प्रवेश घेतला. कॉलेजला मान्यता होती, पण ५० जागांचीच. प्रवेश त्याहून जास्त दिले गेले होते. परीक्षा जवळ आल्यावर कळले की मंजूर जागांच्या यादीत तिचे नावच नाही. फी रोखीने भरलेली, पावती साध्या कागदावर. वर्ष गेले आणि पैसेही गेले.

कॉलेजच्या माहितीपत्रकात तीन शब्द असतात. ते एकच नव्हेत.

१. मान्यता : ही राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषद, म्हणजे एनसीटीई देते. परिषदेचा कायदा १९९३ चा. मान्यता प्रत्येक अभ्यासक्रमाला वेगळी आणि ठरावीक जागांपुरती असते. डी.एल.एड.ची मान्यता बी.एड.ला चालत नाही.

२. संलग्नता : ही विद्यापीठ देते. बेळगाव भागातील बी.एड. कॉलेजांसाठी राणी चन्नम्मा विद्यापीठ आहे. एनसीटीईची मान्यता नसेल तर विद्यापीठाला संलग्नता देता येत नाही आणि परीक्षाही घेता येत नाही.

३. नॅक : हे कॉलेजच्या दर्जाचे मूल्यांकन. चांगली श्रेणी असणे उत्तम, पण ती मान्यतेची जागा घेत नाही.

मान्यता देताना काय पाहतात? २०१४ च्या नियमांनुसार बी.एड. दोन वर्षांचे झाले. ५० विद्यार्थ्यांचे एक युनिट, १०० विद्यार्थ्यांमागे १६ पूर्णवेळ प्राध्यापक, संस्थेच्या नावे ५ लाख आणि ७ लाख रुपयांचे दोन निधी, अशा अटी आहेत. शाळेतील प्रत्यक्ष सराव २० आठवडे. हजेरी वर्गात ८० टक्के, सरावात ९० टक्के. त्यामुळे "हजेरीची काळजी करू नका" असे कोणी सांगितले, तर तिथेच सावध व्हावे.

नियम इतके कडक होण्यामागे शेजारच्या महाराष्ट्राचाच अनुभव आहे. तिथल्या डी.एड. कॉलेजांच्या मान्यतेचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि त्यातून न्यायमूर्ती जे. एस. वर्मा आयोग नेमला गेला. २०१२ च्या अहवालात आयोगाने शिक्षक घडवणाऱ्या संस्थांच्या दर्जावर बोट ठेवले. २०१४ चे नियम त्यानंतर आले.

अभ्यासक्रम निवडतानाही एक गोष्ट लक्षात ठेवावी. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पहिली ते पाचवीच्या शिक्षकपदासाठी बी.एड. ही पात्रता अमान्य ठरवली. ज्यांना प्राथमिक शाळेत शिकवायचे आहे, त्यांनी डी.एल.एड.च करावे. शिवाय पहिली ते आठवीसाठी टीईटी लागतेच.

आमची नोकरी बँकेत झाली. कर्ज मंजूर करताना मूळ कागद पाहिल्याशिवाय आम्ही सही करत नसू. प्रवेशाच्या वेळी पालकांनीही तेच करावे :

• एनसीटीईचा मान्यता आदेश मागावा. त्यात अभ्यासक्रम, जागा आणि कॉलेजचा पत्ता तपासावा.
• एनसीटीईच्या संकेतस्थळावरील यादीत कॉलेजचे नाव पाहावे.
• मान्यता काढून घेतल्याचा आदेश निघाला आहे का, हे विद्यापीठात विचारावे.
• फी चेकने किंवा ऑनलाइन भरावी आणि छापील पावती घ्यावी.

मान्यता नसलेल्या कॉलेजची पदवी सरकारी किंवा अनुदानित शाळेतील नोकरीसाठी ग्राह्य धरत नाहीत. आपल्या भागातील मराठी शाळांना शिक्षक हवे आहेत आणि आपली मुले शिकवायला तयार आहेत. एका न पाहिलेल्या कागदापायी त्यांचे वर्ष वाया जाऊ नये. आदेश वाचताना अडचण आली, तर तो घेऊन मंडळात यावे. आपण मिळून वाचू.