लिग्निन : झाडाला उभं ठेवणारं, पण इथेनॉलची वाट अडवणारं 'सिमेंट'

वर्तमानपत्राचा कागद चार दिवस उन्हात राहिला की पिवळा पडतो. चांगल्या कागदाची वही मात्र वर्षानुवर्षं पांढरी राहते. असं का होतं? कारण वर्तमानपत्राच्या कागदात लिग्निन शिल्लक असतं आणि वहीच्या कागदातून ते काढून टाकलेलं असतं. प्रकाश आणि हवा लागली की लिग्निनचा रंग बदलतो.

हा पदार्थ फक्त कागदापुरता नाही. पिकांच्या टाकाऊ भागापासून इथेनॉल बनवायचं म्हटलं की सगळ्यात आधी लिग्निनच आडवं येतं. म्हणून आज ते नीट समजून घेऊया.

लिग्निन म्हणजे नेमकं काय?

आरसीसीचा खांब डोळ्यांसमोर आणा. आत लोखंडी सळया आणि भोवती काँक्रीट. वनस्पतीच्या पेशींच्या भिंतीत सळयांचं काम सेल्युलोजचे धागे करतात आणि काँक्रीटचं काम लिग्निन. लाकडाच्या कोरड्या वजनात साधारण २० ते ३० टक्के लिग्निन असतं. १८१३ मध्ये स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ द कांदोल यांनी लाकूड या अर्थाच्या 'लिग्नुम' या लॅटिन शब्दावरून त्याला हे नाव दिलं.

लिग्निनमुळे खोड ताठ राहतं. शिवाय मुळांपासून शेंड्यापर्यंत पाणी नेणाऱ्या नळ्या पाण्याच्या ओढीने आत दबत नाहीत, कारण त्यांच्या भिंतींना लिग्निनचा आधार असतो. वड-पिंपळ एवढे उंच वाढतात त्यामागे हेच आहे.

ते मोडणं इतकं अवघड का?

सेल्युलोज ही ग्लुकोजची सरळ साखळी आहे. सगळे जोड एकसारखे, त्यामुळे योग्य एन्झाइम मिळालं की ती कडी-कडीने सुटते. लिग्निनचं तसं नाही. त्यात मुख्यतः तीन प्रकारचे घटक असतात आणि ते वेगवेगळ्या पद्धतीने, वेडेवाकडे जोडलेले असतात. एका किल्लीने उघडेल असं हे कुलूपच नाही.

गाय कडबा पचवते, ती तिच्या पोटातल्या सूक्ष्मजीवांच्या जिवावर. पण त्यांनाही लिग्निन फारसं जमत नाही. म्हणूनच जून, कडक झालेल्या चाऱ्यातून जनावराला कमी पोषण मिळतं.

निसर्गात हे काम सगळ्यात चांगलं जमतं ते काही बुरशींना. आपल्याकडे पेंढ्यावर वाढवतात ती धिंगरी अळंबी त्यातलीच एक.

कारखान्यात काय होतं?

१८७९ मध्ये जर्मनीत कार्ल डाल यांनी शोधलेली क्राफ्ट पद्धत आजही कागद उद्योगाचा कणा आहे. यात लाकडाचे तुकडे कॉस्टिक सोडा आणि सोडियम सल्फाइडमध्ये शिजवतात. लिग्निन विरघळून काळ्या द्रावात जातं आणि धागे वेगळे होतात. हा द्राव आटवून बॉयलरमध्ये जाळतात. त्यातून वाफ आणि वीज मिळते, शिवाय रसायनंही परत वापरता येतात.

लिग्निनचे इतरही उपयोग आहेत. नॉर्वेची बोरेगार्ड कंपनी त्यापासून व्हॅनिलिन, म्हणजे व्हॅनिलाचा वास देणारा पदार्थ बनवते. लिग्नोसल्फोनेट हे त्याचंच एक रूप काँक्रीटमध्ये मिसळतात. त्यामुळे कमी पाण्यातही काँक्रीट नीट वाहतं.

आपल्याशी याचा संबंध काय?

डिसेंबर २०२३ मध्ये साखर कमी पडेल या भीतीने केंद्र सरकारने उसाच्या रसापासून इथेनॉल बनवण्यावर निर्बंध आणले. महाराष्ट्रातल्या कारखान्यांना त्याची चांगलीच झळ बसली. अन्न आणि इंधन यांची ही ओढाताण टाळायची तर पेंढा, बगॅस, पाचट यांपासून इथेनॉल बनवायला हवं. यालाच दुसऱ्या पिढीचं, म्हणजे टू-जी इथेनॉल म्हणतात.

इंडियन ऑइलच्या पानिपतमधल्या अशा प्रकल्पाचं उद्घाटन ऑगस्ट २०२२ मध्ये झालं. त्यासाठी पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजचं तंत्रज्ञान वापरलंय. वर्षाला सुमारे २ लाख टन भाताच्या पेंढ्यापासून सुमारे ३ कोटी लिटर इथेनॉल, असा तो आराखडा.

पण रस आंबवण्याइतकं हे सोपं नाही. आधी उष्णता आणि रसायनं वापरून लिग्निनची पकड सैल करावी लागते, तेव्हा कुठे एन्झाइम सेल्युलोजपर्यंत पोहोचतं. खर्च वाढतो तो इथे. एवढं करून शेवटी उरलेलं लिग्निन बहुतेक वेळा बॉयलरमध्येच जातं.

मला वाटतं, टू-जी इथेनॉलचं गणित जमायचं असेल तर लिग्निनलाही चांगला भाव मिळायला हवा. नुसतं सरपण म्हणून ते परवडणारं नाही.

आणि कारखान्यांचं होईल तेव्हा होईल, शेतकऱ्याला आजही एक गोष्ट करता येते. पाचट पेटवू नका, त्याची कुट्टी करून सरीत कुजू द्या. सेल्युलोज लवकर कुजतं, लिग्निन हळूहळू, आणि त्यातूनच जमिनीत टिकणारा ह्युमस तयार होतो. पेटवलं तर त्याचा धूर होतो.