इन्सुलिनची मात्रा कशी ठरते?

टाइप २ मधुमेहात शरीर इन्सुलिन तयार करत असते, पण स्नायू, यकृत आणि चरबीच्या पेशी त्याला पुरेशी दाद देत नाहीत. ही तूट भरून काढण्यासाठी स्वादुपिंडातील बीटा पेशी काही वर्षे जादा काम करतात आणि मग थकू लागतात. ब्रिटनमधील यूकेपीडीएस या प्रदीर्घ अभ्यासातून असे दिसले, की मधुमेहाचे निदान होते तेव्हाच बीटा पेशींची जवळपास निम्मी क्षमता गेलेली असते आणि पुढेही ती घटतच राहते. त्यामुळे काही वर्षांनी अनेकांना गोळ्या पुरेनाशा होतात. यात दर वेळी रुग्णाच्या पथ्यपाण्याची कसूर असतेच असे नाही. आजाराची चालच तशी आहे.

भारतीयांच्या शरीरात ही चाल लवकर सुरू होते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश संशोधक जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच तुलना मांडली होती. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. दिसायला सडपातळ असलेल्या माणसाच्या पोटातही इन्सुलिनला अडवणारी चरबी साठलेली असू शकते, हे त्या दोन आकड्यांनी जितके स्पष्ट केले तितके क्वचितच कशाने केले असेल. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब अभ्यासानुसार देशात सुमारे १०.१ कोटी मधुमेही आहेत.

इन्सुलिन केव्हा सुरू करायचे, याचे काही ठोस संकेत आहेत. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीए१सी चाचणी १० टक्क्यांच्या वर गेली, साखर ३००च्या पुढे राहू लागली किंवा कारण नसताना वजन घटू लागले, तर डॉक्टर थेट इन्सुलिनकडे वळतात. शस्त्रक्रिया, गंभीर जंतुसंसर्ग आणि गर्भारपण यांतही तेच हाताशी येते. एरवी आधी गोळ्या, आणि अलीकडे सेमाग्लुटाइडसारखी इंजेक्शने वापरून पाहिली जातात.

अडचण बहुधा औषधाची नसते, भीतीची असते. ‘इन्सुलिन लागले म्हणजे शेवटची पायरी’, ‘त्यानेच अमक्याची किडनी गेली’ हे घरोघरी ऐकू येते. प्रत्यक्षात किडनी आणि डोळे बिघडतात ते वर्षानुवर्षे चढ्या राहिलेल्या साखरेमुळे. इन्सुलिन उशिरा सुरू झाल्याने त्याच्यावर आळ येतो. ‘ओरिजिन’ या २०१२च्या चाचणीत १२ हजारांहून अधिक लोकांना सुमारे सहा वर्षे पाहिले गेले; ग्लार्जिन इन्सुलिनमुळे हृदयविकार किंवा कर्करोग वाढल्याचे दिसले नाही. वजन थोडे वाढते, हे मात्र खरे. एकदा सुरू केले की कायमचे, हेही सगळ्यांना लागू नाही. निदानाच्या वेळी साखर फार चढलेली असेल, तर काही आठवडे इन्सुलिन दिल्यावर बीटा पेशींना उसंत मिळते आणि काही रुग्ण पुन्हा गोळ्यांवर येतात.

सुरुवात सहसा दिवसातून एकदा घ्यायच्या, दीर्घकाळ काम करणाऱ्या इन्सुलिनने होते. ग्लार्जिन साधारण दिवसभर टिकते, डिग्लुडेक त्याहून जास्त. पहिली मात्रा १० युनिट किंवा वजनाच्या दर किलोला ०.१ ते ०.२ युनिट. सत्तर किलोच्या माणसाला म्हणजे ७ ते १४. ही मात्रा मुद्दाम कमी ठेवलेली असते आणि पुढचे काम नोंदवहीचे असते. समजा, रात्री १० युनिट घेऊन सकाळी उपाशीपोटी साखर १९०, १८४, १८६ अशी आली. मग मात्रा १२ होते. आणखी तीन दिवसांनी आकडे १७०च्या आसपास असतील, तर १४. अशी दर तीन दिवसांनी दोन-दोन युनिटांची वाढ उपाशीपोटीची साखर ८० ते १३०च्या दरम्यान येईपर्यंत चालते. पहिल्या चिठ्ठीवर लिहिलेले १० युनिट वर्षभर तसेच घेत राहणारे रुग्ण कमी नाहीत. त्यांना इन्सुलिनचे टोचणे तेवढे मिळते, फायदा मिळत नाही.

वाढीलाही हद्द आहे. दर किलोला अर्ध्या युनिटाच्या पुढे, म्हणजे सत्तर किलोला ३५च्या वर मात्रा गेली आणि तरीही एचबीए१सी खाली येत नसेल, तर दोष बहुधा जेवणानंतरच्या साखरेचा असतो. रात्रीचे इन्सुलिन आणखी वाढवल्यास पहाटे साखर उतरण्याचा धोका तेवढा वाढतो. अशा वेळी मोठ्या जेवणाआधी जलद इन्सुलिन जोडतात. भारतात त्याऐवजी ३०/७० हे मिश्र इन्सुलिन दिवसातून दोनदा देण्याची पद्धत रुळली आहे. ते स्वस्त आणि सोपे आहे, पण जेवणाची वेळ पाळावी लागते: ह्यूमन मिश्र इन्सुलिन जेवणाआधी सुमारे अर्धा तास घ्यायचे आणि नंतर जेवण टाळायचे नाही. एकादशीला किंवा नवरात्रात सकाळची सुई नेहमीप्रमाणे घेऊन दिवसभर उपाशी राहणे धोक्याचे. आणि उपवास म्हणून साबुदाण्याची खिचडी पोटभर खाल्ली, तर तोच दिवस साखर चढण्याचा ठरतो. उपवासाच्या दिवसाची मात्रा डॉक्टरांकडून आधीच ठरवून घ्यावी लागते.

आता त्या चुकीकडे, जी चिठ्ठी बरोबर असूनही होते. भारतात कुपीतून मिळणारे बरेचसे ह्यूमन इन्सुलिन एका मिलिलिटरला ४० युनिट एवढ्या तीव्रतेचे असते, तर पेनच्या कार्ट्रिजमध्ये ते एका मिलिलिटरला १०० युनिट असते. सिरिंजही दोन प्रकारच्या: ४०ची सहसा लाल टोपणाची, १००ची नारिंगी. चिठ्ठीवर २० युनिट लिहिले आहेत असे धरू. ४०च्या सिरिंजमध्ये २०ची खूण म्हणजे अर्धा मिलिलिटर. याच सिरिंजने १०० तीव्रतेचे औषध त्या खुणेपर्यंत भरले, तर अंगात ५० युनिट जातात, अडीचपट. उलट ४०च्या कुपीला १००ची सिरिंज वापरली, तर २०च्या खुणेला जेमतेम ८ युनिट भरतात. पहिल्या चुकीने माणूस बेशुद्ध पडू शकतो. दुसरीने साखर आटोक्यात येत नाही आणि डॉक्टर मात्रा वाढवत जातात. मेडिकल दुकानातून सिरिंज घेताना कुपीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा जुळवून पाहणे एवढाच यावर उपाय आहे. पेनच्या कार्ट्रिजमधून सिरिंजने औषध काढू नये.

सुई कुठे टोचतो, यावरही मात्रेचा परिणाम ठरतो. पोट आणि मांडी या सोयीच्या जागा. बहुतेकांना चार मिलिमीटरची सुई पुरते. एकाच ठिकाणी रोज टोचल्यास कातडीखाली रबरासारखी मऊ गाठ तयार होते. तिथे दुखत नाही, म्हणून रुग्ण पुन्हा तिथेच टोचतो, आणि गाठीतून औषध कधी हळू तर कधी एकदम रक्तात उतरते. एकच मात्रा घेऊनही साखर एक दिवस २५० आणि दुसऱ्या दिवशी ७० येत असेल, तर आधी पोटावरून हात फिरवून पाहावा. गाठ सोडून चांगल्या जागी टोचू लागल्यावर तेच युनिट जास्त काम करतात, त्यामुळे त्या वेळी मात्रा कमी करावी लागते.

गढूळ दिसणारे इन्सुलिन तळहातांत हलकेच घोळवून एकसारखे करावे. पेनचे बटण दाबल्यावर दहापर्यंत मोजून मगच सुई काढावी. न उघडलेली कुपी फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवतात; बर्फाच्या कप्प्याला लागून गोठली तर ती वाया गेली. वापरातली कुपी साधारण चार आठवडे बाहेर चालते, पण विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात फ्रिज नसलेल्या घरी दोन मातीची भांडी एकात एक ठेवून मधल्या जागेत ओली वाळू भरावी. आत चांगला गारवा राहतो.

साखर ७०च्या खाली गेली की घाम, हाताची थरथर, छातीत धडधड, चिडचिड आणि अनावर भूक लागते. पंधरा ग्रॅम ग्लुकोज किंवा तीन चमचे साखर पाण्यातून घ्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावे. पेढा किंवा चॉकलेट नको. त्यातील स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज ही गोळी चालू असणाऱ्यांना साध्या साखरेचाही लवकर उपयोग होत नाही, कारण ती गोळी साखरेचे विघटनच रोखते. त्यांनी ग्लुकोजची पूड जवळ बाळगलीच पाहिजे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नये. त्याला रुग्णालयात न्यावे. ग्लिमेपिराइडसारख्या गोळीबरोबर इन्सुलिन असेल, तर हा धोका वाढतो आणि ती गोळी बहुधा कमी करावी लागते. मेटफॉर्मिन मात्र शक्यतो चालू ठेवतात.

वर्षे जातात तशी गरजही बदलते. स्टेरॉइड किंवा तापाच्या दिवसांत मात्रा वाढवावी लागते. किडनी अशक्त झाली की शरीरात इन्सुलिनचे विघटन होण्याचा वेग मंदावतो, आणि वीस वर्षे ४० युनिट घेणाऱ्याला २०ही पुरतात. तेव्हा अचानक साखर ‘छान’ येऊ लागली, तर आनंद मानण्याआधी क्रिएटिनिन तपासावे. वयोवृद्ध, एकट्या राहणाऱ्या रुग्णासाठी एचबीए१सीचे ७ टक्क्यांचे उद्दिष्ट सैल करून ८पर्यंत नेणे हेच शहाणपणाचे असते.

इन्सुलिन घेणाऱ्याने पुढच्या तपासणीला जाताना साखरेची नोंदवही, वापरातली कुपी आणि सिरिंज किंवा पेन सोबत न्यावे, आणि टोचण्याच्या जागा डॉक्टरांना हात लावून तपासायला सांगावे.