शेपूट हलवणं म्हणजे काय?

गेल्या वेळी आपण देकार्तपाशी थांबलो होतो. प्राणी म्हणजे यंत्रच, असं त्याचं म्हणणं. आज उलट्या बाजूनं जाऊ. यंत्राचा कुत्रा करायचा, तर त्याचा आनंद दाखवायचा कसा? उदाहरण सोनीच्या आयबोचं. जपानमध्ये तो १९९९ साली आला.

डार्विननं १८७२च्या आपल्या ग्रंथात एक फार उपयोगी गोष्ट सांगितली आहे. चिडलेला कुत्रा ताठ चालतो, शेपूट उंच, कान पुढे. लाडात आला की सगळं नेमकं उलटं होतं. म्हणजे अर्थ एका हालचालीत नसतो, दोन हालचालींच्या विरोधात असतो.

आता पहिल्या आयबोकडे बघा. स्वतंत्र हालचाली अठरा: चार पायांना तीन-तीन, डोक्याला तीन, शेपटीला दोन, जबड्याला एक. कानांना मोटरच नाही! मग कान पाडून लाड दाखवणार कसे? तो विरोध मान आणि पुढच्या पायांतूनच उभा करावा लागणार. २००१च्या ई.आर.एस.-२२० या अवकाशयानासारख्या मॉडेलमध्ये तर शेपूट हलतच नाही, तिथे दिवे लागतात. आणि २०१८च्या आयबोत हालचाली बावीस, त्यात कंबरेचीही एक. आमच्याकडे पूर्वी कुत्रा होता, तो शेपूट हलवायचा म्हणजे निम्मं अंगच हलवायचा. ते या कंबरेमुळे जमतं. तेव्हा एका मॉडेलची हालचाल दुसऱ्यात जशीच्या तशी ओतता येत नाही. भाषांतरासारखंच आहे हे. शब्द नाही, भाव न्यायचा.

आणखी एक गंमत. पंजा उचलायचा तर आधी भार उरलेल्या तीन पायांवर घ्यावा लागतो, नाहीतर कुत्रा आडवा. ही केवळ तोल सांभाळायची तयारी. पण बघणाऱ्याला वाटतं, तो क्षणभर विचार करतोय. मोटर एकसारख्या वेगानं फिरली तर यंत्र दिसतं. सावकाश निघून सावकाश थांबली, की जीव दिसतो.

मग ही फसवणूक का? आम्हाला सरसकट तसं वाटत नाही. जुन्या आयबोंची दुरुस्ती कंपनीनं २०१४ मध्ये बंद केली. पुढच्या वर्षापासून चिबा प्रांतातल्या इसुमी इथल्या कोफुकुजी मंदिरात त्यांचे अंत्यविधी होऊ लागले. ते यंत्र आहे हे मालकांना पक्कं ठाऊक होतं, तरी ते आले.

पण समजा, नव्या आयबोसारख्या वर्गणीवर चालणाऱ्या कुत्र्यात कुणी अशी हालचाल घातली, की वर्गणीची मुदत संपत आली की त्यानं मान टाकून केविलवाणं बघावं. ती मात्र आम्ही लबाडी म्हणू. तिथे हालचाल कुत्र्याची असते आणि मागणं दुकानदाराचं.

बॅटरी उतरली की आयबो आपणहून चार्जिंगच्या जागी जाऊन बसतो. त्याला भूक म्हणायचं का, ते पुढच्या व्याख्यानात पाहू.