शेतातील उंदीर पिंजऱ्यात पाळावा काय?



रब्बीची काढणी झाल्यावर बांध साफ करताना किंवा नांगरटीच्या वेळी उंदरांची बिळे उघडी पडतात. वाळल्या गवताच्या गोळ्यात कधीकधी गुलाबी, डोळे मिटलेली पिल्ले सापडतात. मोठ्यांचे लक्ष नसले की मुले ती खिशात घालून घरी आणतात आणि डब्याला भोके पाडून त्यात ठेवतात. हा उंदीर माणसाळेल का, असा प्रश्न मेळाव्यात आम्हांस विचारला जातो. विचारणारा हसत विचारतो, पण प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही.

प्रथम, हाती आलेला उंदीर कोणता हे पाहावे. शेतातील छोटा उंदीर पूर्ण वाढला तरी सुमारे १० ग्रॅम, म्हणजे रुपयाच्या तीन नाण्यांएवढा भरतो. त्यामुळे तो मुलांना खेळण्यासारखा वाटतो. काळा उंदीर, ज्यास लहान घूस असेही म्हणतात, त्याची गोष्ट वेगळी आहे. हा एकलकोंडा व भांडखोर प्राणी असून एका बिळात सहसा एकच प्रौढ उंदीर राहतो. पिंजऱ्यात तो फिसकारतो आणि बोट जवळ नेल्यास कडकडून चावतो. असे दोन उंदीर एकत्र कोंडल्यास सकाळपर्यंत एक मेलेला किंवा जबर जखमी आढळण्याचा संभव असतो.

आता कोणी म्हणेल, प्रयोगशाळेतील पांढरे उंदीर माणसाच्या तळहातावर बसतात, मग हे का नाही? त्याचे कारण पैदाशीत आहे. ते पांढरे उंदीर शंभराहून अधिक वर्षे बंदिस्त जागेतच निपजत आलेले आहेत. जे शांत राहिले त्यांचीच पुढे पैदास झाली. आपल्या गाई-म्हशींचेही तसेच आहे. रानगव्याचे वासरू गोठ्यात बांधले म्हणून त्याची गाय होत नाही. शेतातील उंदरालाही हाच न्याय लागू पडतो.

त्याचे सारे जीवन बिळाशी निगडित आहे. बाहेर ऊन तापले तरी जमिनीखाली गारवा व ओल टिकून असते, पत्र्याचा डबा मात्र दुपारी भट्टीसारखा तापतो. तो रात्री हिंडतो, तर मुले त्याला दिवसा जागवतात. त्याचे पटाशीचे दात जन्मभर वाढत असल्याने त्याला सतत काहीतरी कुरतडावे लागते. लाकडी पेटी तो पोखरतो आणि पेन्सिल जाईल एवढी फट मिळाली तर छोटा उंदीर निसटतो. मग तो घरातील कणगीपर्यंत पोहोचला की काय होते, हे आपणास सांगावयास नको! पिल्लांसह आणलेली मादी घाबरून स्वतःची पिल्लेच खाते, असेही घडते. नुसती पिल्ले आणली तर ती सहसा जगत नाहीत. त्यांना रात्रंदिवस ऊब लागते आणि थोड्या थोड्या वेळाने दूध लागते. वातीने पाजलेले गाईचे दूध नाकात जाऊन ती मरतात.

मात्र उंदीर मरेल ही मुख्य चिंता नव्हे. मुख्य चिंता घरातील माणसांची आहे. लेप्टोस्पायरोसिसचे जंतू उंदराच्या मूत्रातून बाहेर पडतात, आणि जंतू बाळगणारा उंदीर दिसावयास अगदी ठणठणीत असतो. हातापायाच्या भेगेतून, खरचटलेल्या जागेतून हे जंतू शरीरात शिरतात. मुंबईत जुलै २००५ च्या महापुरानंतर या रोगाने माणसे दगावली. भातखाचरात अनवाणी काम करणाऱ्यास तो धोका असतोच, तोच आपण डब्यात घालून माजघरात का आणावा? शेतातील जर्बिल, म्हणजे टपोऱ्या डोळ्यांचा व शेपटीच्या टोकास झुपका असलेला उंदीर, हा प्लेगचे जंतू रानात टिकवून ठेवणारा प्राणी मानला जातो. १९९४ साली बीड जिल्ह्यातील मामला गावी प्लेगचे रुग्ण आढळले होते, हे अनेकांना आठवत असेल. प्लेग पसरवितात त्या पिसवा, आणि उंदीर घरी आला की त्याच्या अंगावरील पिसवाही येतात.

विषारी आमिषांच्या अभ्यासासाठी संशोधक रानातील उंदीर पिंजऱ्यात ठेवतात हे खरे. पण तेथे प्रत्येकास वेगळा लोखंडी पिंजरा असतो, हातमोजे वापरतात आणि त्याला काही दिवस रुळू दिल्यावरच चाचणी घेतात. त्याला कुरवाळण्याच्या फंदात कोणी पडत नाही.

तेव्हा पिल्ले दिसल्यास मुलांना हात लावू देऊ नये. नियंत्रणासाठी सापळ्यात पकडलेल्या उंदराची लगेच विल्हेवाट लावावी. त्याला दिवसेंदिवस कोंडून ठेवू नये व दुसऱ्याच्या शिवारातही सोडू नये. बिळे कमी व्हावीत म्हणून बांध शक्य तितके अरुंद ठेवावेत. घरी आधीच उंदीर ठेवला असेल, तर त्याची जागा कोरडी झाडू नये. ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने भिजवून मग पुसावी आणि हात साबणाने धुवावेत. त्यानंतरच्या महिनाभरात घरात कोणास ताप आला, पोटऱ्या दुखू लागल्या किंवा डोळे लाल झाले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा व उंदीर हाताळल्याचे डॉक्टरांना न विचारताच सांगावे.