सेंद्रिय खत घेताना : गांडूळ काय सांगते आणि काय सांगत नाही



गेल्या पावसाळ्यात गोरेगाव (ता. सेनगाव) भागात खोडव्याची पाहणी करीत असता एका सभासदांनी आम्हास बांधावरच थांबविले. खोडव्यास त्यांनी बाहेरून विकत आणलेले पोत्यातले ‘सेंद्रिय खत’ टाकले होते. माती उकरून त्यांनी गांडुळे दाखविली आणि विचारले, “साहेब, गांडुळं लई झाली, मंग ऊस पिवळा कामून पडला?”

प्रश्न रास्त होता. कोवळी पाने पिवळी, शिरा मात्र हिरव्या, म्हणजे लोहाची कमतरता. चुनखडीच्या काळ्या रानात सामू ८ च्या वर गेला की लोह व जस्त जमिनीत असूनही पिकास मिळत नाहीत. गांडूळ माती मोकळी करते, पाणी मुरविते, काडीकचरा खाऊन त्यातील अन्नद्रव्ये विष्ठेतून पिकाच्या हाती देते. डार्विन यांनी १८८१ साली लिहून ठेविले आहे की, इंग्लंडात पुष्कळ ठिकाणी एकरी दहा टनांहून अधिक माती दरसाल गांडुळांच्या अंगातून वर येते. एवढे मोठे काम ते करते; पण रानातली चुनखडी काही ते हटवीत नाही. अशा रानास, माती परीक्षणात कमतरता दिसल्यास, एकरी १० किलो फेरस सल्फेट व ८ किलो झिंक सल्फेट दसपट शेणखतात मिसळून, पाच-सहा दिवस मुरवून सरीत द्यावे. सुपर फॉस्फेटात मात्र ते मिसळू नये.

आता पोत्याची गोष्ट. त्यावर घटकांची नोंद नव्हती, उत्पादकाचा पत्ताही नव्हता. खत चाळले तर काचेचे व प्लॅस्टिकचे तुकडे निघाले. शहरी कचऱ्याचे खत वाईटच असते असे आमचे म्हणणे नाही. पण न निवडलेल्या कचऱ्यात जुन्या बॅटऱ्या, रंगाचे डबे असतात आणि त्यातून शिसे, कॅडमियम येते. जस्त-लोह पिकास चिमूटभर तरी लागते. शिसे, कॅडमियम कणभरही लागत नाही. कचरा कुजला की त्याचे वजन घटते, धातू मात्र कुजत नाहीत, उडून जात नाहीत. रानात पडले की पिढ्यान्‌पिढ्या राहतात.

म्हणून खत नियंत्रण आदेशात २००६ पासून गांडूळखतास मर्यादा घातली आहे. किलोमागे शिसे १०० मिलिग्रॅम, क्रोमियम व निकेल प्रत्येकी ५० आणि कॅडमियम ५ मिलिग्रॅम, याहून अधिक नको. हिशेब करून पाहा. मर्यादेइतकेच शिसे असलेले खत एकरी ४ टन टाकले तर वर्षाला ४०० ग्रॅम शिसे रानात गेले, वीस वर्षांत ८ किलो. बिनतपासणीच्या पोत्यात किती जाईल, हे कोणी सांगावे? आपल्याकडे उसाच्या बेवडावर हळद लावतात. तो कंद थेट माणसाच्या पोटात जातो, हे विसरू नये.

आणि इथेच गांडूळ आपणास फसविते. कॅडमियम असलेल्या मातीतही ते जगते. तो धातू ते आपल्या अंगात साठविते. म्हणजे गांडुळे आहेत यावरून रानात ओल आहे, खाद्य आहे एवढे समजावे. रान निर्दोष आहे, असा दाखला त्यावरून मिळत नाही. साध्या माती परीक्षणातही शिसे-कॅडमियम कळत नाही. ती तपासणी वेगळी मागावी लागते.

मग करावे काय?

१) पाचट पेटवू नये. हेक्टरी ८ ते १० टन पाचट निघते. टनामागे ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट व १ किलो पाचट कुजविणारे जिवाणू टाकून ते सरीतच कुजवावे. रानातली गांडुळे त्याखाली आपोआप येतात, विकत आणावी लागत नाहीत.

२) घरचे शेणखत व कारखान्याचा प्रेसमड कुजवून वापरावा. कच्चा प्रेसमड तापतो, त्यात गांडूळ टिकत नाही.

३) पोते घ्यायचेच तर घटक, उत्पादकाचे नाव-पत्ता पाहावा, पावती घ्यावी. मूठभर खत चाळून काच, प्लॅस्टिक दिसल्यास परत करावे.

४) लागणीपूर्वी माती तपासून घ्यावी. तोंडापूरच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा आपल्या गट कार्यालयात चौकशी करावी.

गोरेगावच्या त्या सभासदांनी यंदा पाचटास काडी लावली नाही. पोत्यांचे पैसे वाचले, असे ते परवा म्हणाले. इतर सभासदांनीही निदान एका एकरात हा प्रयोग करून पाहावा आणि आम्हास रान दाखविण्यास बोलवावे, ही विनंती.

– ऊस विकास अधिकारी, शेतकी खाते